पाय बघायचा, चेंडू ऐकायचा

पहिल्या बेसवरच्या अंपायरला हे पहिल्या दिवशी शिकवतात.
डोळा एका वेळी एकच जागा धरतो,
म्हणून नजर बेसवरच्या बुटावर
आणि ग्लोव्हमधला टप्प कानात.
आधी जे आलं, त्याचा निकाल.

पण मल्लेशम क्यातम यांचे कान
साखर पेठेतल्या अठ्ठावीस मागांनी
केव्हाच खाऊन टाकले होते.

सहा दिवस चादरी, रविवारी बेसबॉल.
प्लेटमागे उभं राहायचं तर छातीपुढे
कारखान्यातल्या चिंध्या भरून शिवलेली गादी,
दोन्ही हातांनी धरलेली,
दारात कुणी नको असलेला पाहुणा आल्यासारखी.
ती धरून वाकता यायचं नाही.
मामा कॅचरच्या डोक्यावरून बघायचे,
आणि गुडघ्याजवळून गेलेला चेंडू
त्या काळी सोलापुरात बॉलच असायचा.
पिचर पोरांनी हे पाठ केलं होतं. वर टाक, वर.
नियम नव्हता तो. गादी होती.

मी आठवीत असताना शर्टाच्या आत घालायचं कवच आलं.
हात मोकळे झाले.
मामा कॅचरच्या खांद्याशी, बॅटरकडच्या फटीत उतरले,
हनुवटी कॅचरच्या टोपीच्या वर चार बोटं,
आणि एका हंगामात गावाचा स्ट्राइक
वीतभर खाली सरकला.
"कायदा बदलला का बे?" आमचे कोच ओरडले.
मामांना ते ऐकू गेलं नाही.
मी तिसऱ्या स्ट्राइकवर बाद होऊन
बॅट ओढत बाहेर आले, धुळीत रेघ काढत.

पहिल्या बेसवर मात्र ते तेव्हापासूनच वेगळे.
बाकीचे अंपायर पळत जवळ जायचे, कान पुढे करून.
हे मागे सरकायचे. सहा पावलं, चांगली लांब.
बूट आणि ग्लोव्ह एकाच नजरेत मावेपर्यंत.
चादर तपासताना करतात तसं:
नाकाशी धरली तर वीणच दिसते,
हातभर लांब, ट्यूबलाइटकडे धरली
की सुटलेला धागा आपण होऊन समोर येतो.

आणि मग थांबायचे.
एक श्वास. कधी दीड.
चेंडू ग्लोव्हमध्ये राहिलाय ना, पडला नाही ना.
तेवढ्यात पार्क मैदानाचा अर्धा कठडा
त्यांच्या आईपर्यंत जाऊन आलेला असायचा.
क्यातम चेंडूला भितो. क्यातम झोपला. घड्याळ द्या रे त्याला.
मीही म्हटलंय यातलं एक. कुठलं ते सांगत नाही.

वीस वर्षांनी अशोक चौकातल्या एका हॉलमध्ये
पुण्याचे तरुण प्रशिक्षक, लॅपटॉप, पडद्यावर बाण.
जवळ जाऊ नका, म्हणाले. अठरा फूट.
कोन धरा. खेळ पुरा होऊ द्या.
हात उचलायची घाई नको.
आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
नवी पद्धत, अधोरेखित.
मामा शेवटच्या खुर्चीवर, ओठ वाचत.
मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय?
मी बोटांनी दाखवलं: अठरा.
त्यांनी खिशातून दहाची नोट काढली,
पाचाचं एक नाणं, एकाची तीन,
आणि चहाची वर्गणी म्हणून माझ्या हातावर ठेवली.

मी ती ठेवून घेतली.
समजावून सांगायला जो आवाज लागला असता
तो मला त्या हॉलमध्ये काढवला नाही.

आता मी उभी असते तिथे, अठरा फुटांवर.
कान शाबूत आहेत, तरी त्यांच्यावर विसंबत नाही;
दुपारच्या उन्हात आवाजही जरा उशिरा येतो असं वाटतं.
जाळीबाहेर पोरं मोबाइलवर मागचा खेळ
पुन्हा पुन्हा, हळू करून बघतात
आणि माझ्याकडे बघतात.
पुढेमागे कॅमेराच निकाल देईल म्हणे. देऊ दे.

मामा पलीकडे निंबाखाली बसतात,
गुडघ्यावर उजवा हात.
मी बाद दिला की त्यांची मूठ मिटते,
माझ्यानंतर. दर वेळी माझ्यानंतर, एक श्वास.

परवा अंतिम सामन्यात धावणारी बाद दिली मी.
अगदी जवळचा निकाल. तिच्या डोळ्यांत पाणी.
निंबाखाली बघितलं.

मूठ मिटली नाही.